तिसरं बटण

४ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिले आहेत. मनात काय आहे ते पुढे वाच.

काल दुपारी तुझ्या शाळेचे हेडमास्तर घरी येऊन गेले. माझाच जुना विद्यार्थी, अजूनही माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसतो. त्याने तुझ्या पाचवीच्या वर्गातल्या सहा वह्या आणि एका पालकाची लेखी तक्रार माझ्या हातात ठेवली. शाळेच्या समितीची सभा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आहे आणि तुला कायम करायचं की नाही हे त्या सभेत ठरणार आहे. त्याआधी समितीला माझं लेखी मत हवं आहे. मी त्याला म्हटलं की अरे, ती माझी मुलगी आहे. त्यावर तो म्हणाला की सर, म्हणूनच तुमच्याकडे आलो, तुम्ही तिला सोडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी वह्या उघडल्या आणि तळपायाची आग मस्तकात गेली. एका वहीत लिहिलं आहे, ‘डोळ्यातून उजेड निघतो आणि फुलावर पडतो म्हणून फूल दिसते.’ दुसरीत, ‘रात्री उजेड जास्त लांब जातो.’ तिसरीत, ‘आरशात आपले चित्र चिकटलेले असते, आपण गेलो की ते पुसते.’ आणि या सगळ्यावर लाल शाईचा एक ठिपका नाही! उलट तुझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘बरं. मग डोळे मिटल्यावर तो उजेड कुठे जातो?’ चूक करणाऱ्या मुलाशी तू गप्पा मारत बसलीस? चौतीस वर्षं मी शिकवलं. चुकीचं वाक्य माझ्या वर्गातल्या वहीत कधी एक रात्र राहिलं नाही. मुलं मला पाठीमागे लालपेन म्हणायची आणि मला त्याचा अभिमान होता.

तक्रार तर त्याहून वाईट आहे. एका बस ड्रायव्हरनं लिहिलंय की बाईंनी माझ्या मुलीला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि वर फसवलं, पोर दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. हे खरं आहे का?

फोन करू नकोस. फोनवर तू मधेच तोडतेस, मी ओरडतो आणि मग तुझी आई फोन काढून घेते. पत्रात निदान दोघांची वाक्यं पूर्ण होतात. तुझं उत्तर आल्याशिवाय मी मत लिहिणार नाही, एवढा न्याय तुला मिळेल.

तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. लोभ आहेच, सध्या रागाच्या खाली आहे.

तुझे,
बाबा

९ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा संतापले. म्हणून एक दिवस थांबून लिहिते आहे, तरी राग गेलेला नाही हे आधीच सांगते.

तुम्ही वह्यांची मागची पानं पाहिलीत का? जून महिन्याची? तिथे प्रत्येक मुलानं सुवाच्य अक्षरात लिहिलंय, ‘प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो. वस्तूवरून परत आलेला प्रकाश डोळ्यांत शिरला की वस्तू दिसते.’ चाचणीत एक्केचाळीस पैकी एक्केचाळीस जणांना पैकीच्या पैकी. मीही खूश होते. मग सहज म्हणून मी फळ्यावर एक दिवा, एक फूल आणि एक मुलगी काढली आणि म्हटलं, उजेड कुठून कुठे जातो ते बाणांनी दाखवा. एक्केचाळीस पैकी अडतीस जणांनी मुलीच्या डोळ्यातून फुलाकडे बाण काढला. तीच मुलं, तीच वही, उलटं पान! आता सांगा, जूनमधल्या त्या पानांवरच्या बरोबरच्या खुणांनी काय केलं? त्यांना माझ्यासाठी काय लिहायचं ते कळलं. त्यांना काय वाटतं ते तसंच राहिलं.

त्या ड्रायव्हरच्या मुलीला वर्गात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. तिनं मला समजावून सांगितलं की बसचे दिवे लावले की उजेड पुढे जातो आणि रस्ता दिसतो, डोळ्यांचंही तसंच आहे, आणि डोळे मिटले म्हणजे दिवे बंद. बाबा, दहा वर्षांच्या पोरीनं एवढा विचार केलाय. त्यावर लाल रेघ मारायला माझा हात उचलला नाही. मारली असती तर तिनं तेवढं वाक्य बदललं असतं, बस तशीच चालू राहिली असती.

अंधाऱ्या खोलीचं खरं आहे. सगळ्यांचं म्हणणं होतं की मिट्ट काळोखातही थोडा वेळ थांबलं की पांढरी वस्तू दिसायला लागते. म्हणून खेळाच्या सामानाची खोली मी स्वतः काळे कागद लावून बंद केली, दाराच्या फटींना सुद्धा पट्ट्या चिकटवल्या. सहा-सहा मुलं आत, मी त्यांच्याबरोबर, कडी लावलेली नाही, दाराची दोरी एका मुलाच्या हातात. कोणी कोंडलं नव्हतं. मी सांगितलं होतं की समोरच्या खिळ्याला पांढरा हातरुमाल अडकवलाय, दिसला की सांगा. दोन मिनिटांनी मी एकेकाला विचारलं. पहिल्या गटातल्या सहापैकी पाच जणांना दिसला. भिंगरीला तर त्याचं एक टोक दुमडलेलंही दिसलं. मग दार उघडलं. खिळा रिकामा होता. रुमाल पहिल्यापासून माझ्या पिशवीत होता.

मला वाटलं होतं मुलं चकित होतील. ती चिडली. भिंगरी रडली आणि म्हणाली की बाई खोटारड्या आहेत. ती लबाडी माझी चुकली असेल, ते मी मान्य करते. बाकी काही मान्य करत नाही.

आता माझ्याकडून तुम्हाला एक प्रश्न. आपल्या पॅसेजमधल्या आरशासमोर हातभर अंतरावर उभे राहा. आरशाच्या खालच्या कडेला तुमच्या शर्टाचं कितवं बटण दिसतं ते बघा. मला आठवतं त्याप्रमाणे तिसरं. आता मागे सरत समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत जायचं. तिथून कितवं बटण दिसेल? आधी उत्तर शाईनं लिहा. मग जाऊन बघा. क्रम बदलायचा नाही.

आईला सांगा गुडघ्याचा शेक सोडू नकोस. राग निवला की लोभ पूर्वीसारखा असू द्यावा.

तुमची,
ठिणगी

१३ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अ. उ. आ. वि. वि.

तू स्वतःला फार शहाणी समजायला लागली आहेस.

मुलांना जे वाटतं ते वाटू द्यायचं असेल तर शाळा कशाला हव्यात? घरी बसूनही त्यांना हवं ते वाटेलच. तू म्हणतेस वाक्य बदललं, विचार बदलला नाही. अगं, आधी वाक्य बरोबर यावं लागतं, विचार त्याच्या मागून चालत येतो. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत. त्यातला एकही मला येऊन म्हणाला नाही की सर, तुमच्या लाल रेघेमुळे माझी बस चालू राहिली.

आणि खोट्या रुमालाबद्दल ‘चुकली असेल’ हे काय लिहिणं झालं? चुकली. वाक्य पूर्ण कर. शिक्षक वर्गात एकदा खोटं बोलला की त्याचं खरंही मुलं तपासून घेतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, शाईनं: भिंतीपाशी गेल्यावर कंबरेपर्यंत दिसेल, कदाचित गुडघ्यापर्यंतही. सातही बटणं दिसतील. यात बघायचं काय आहे? लांब गेलं की जास्त दिसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या आईला मी लग्न झाल्यापासून हेच सांगत आलो आहे की आरशाला नाक लावून उभी राहू नकोस, दोन पावलं मागे सर म्हणजे खालपर्यंत दिसेल. एकाहत्तराव्या वर्षी आरशासमोर पुढे-मागे नाचायचा माझा विचार नाही.

मत लिहून झालं आहे. तीन पानं झाली. तुला कायम करू नये, निदान विज्ञानाचा विषय तरी तुझ्याकडे देऊ नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. सोमवारी पोस्टात टाकीन. बाप म्हणून वाईट वाटतं. शिक्षक म्हणून वाटत नाही, आणि त्यांनी विचारलं ते शिक्षकाला.

पत्र पाठव. रागावून अबोला धरू नकोस, तो तुझा जुना रोग आहे.

तुझे,
बाबा

१६ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मायना लिहिला तो आईनं शिकवलाय म्हणून.

तुम्ही बघितलं नाहीत. पॅसेज तुमच्या खुर्चीपासून नऊ पावलांवर आहे. नऊ पावलं चालून बघायला तुम्हाला कमीपणा वाटला, आणि मुलीची नोकरी घालवणारी तीन पानं लिहायला वाटला नाही. भिंगरी निदान खोलीत शिरली होती. घाबरत का होईना, बसली होती. तुम्ही तिच्या वहीवर लाल रेघ मारायला निघालात आणि स्वतःचं उत्तर उलटून बघायला तयार नाही.

तुमच्या मताची वाटही हेडमास्तरांनी बघितली नाही. सोमवारपासून पाचवीचं विज्ञान माझ्याकडून काढून घेतलंय. मी ऑफिसात बसून हजेरीच्या वह्यांना रेघा मारते. माझ्या जागी जे सर आलेत त्यांनी दोन तासांत सगळी उत्तरं फळ्यावर लिहून दिली, मुलांनी उतरवून घेतली, सरांनी तपासली. एक्केचाळीस वह्या स्वच्छ. तुम्हाला फार आवडतील.

परवा मधल्या सुट्टीत भिंगरी ऑफिसच्या दारात आली. माझ्यावरचा तिचा राग गेलेला नाही, लांबच उभी राहिली. तिनं विचारलं की मी वहीत सरांनी सांगितलेलं लिहिलंय, पण खरं कोणतं? बाबा, मी दारातल्या दारात काही सांगूही शकले नाही, हेडमास्तर समोर बसले होते. मी म्हटलं जा, घंटा होईल. गेली. ते माझ्या जिव्हारी लागलंय. माझी नोकरी जायची तर जाऊ दे. पण ती पोर विचारत आली आणि मी तिला हाकललं.

तुमचं मत टाका पोस्टात किंवा टाकू नका. आरशासमोर उभे राहिल्याशिवाय मला मात्र पत्र लिहू नका.

लोभाचं नंतर बघू.

ठिणगी

२२ ऑगस्ट

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, जुळवून घे. हे तुला लिहिणार नाहीत, तू मनाई केली आहेस ना. शिवाय ह्यांना लाज वाटते आहे. म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून पॅसेजमध्ये गेले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. आरशासमोर उभे राहिले. मागे गेले. पुढे आले. परत मागे गेले, भिंतीवर पाठ आपटली. मग मला हाक मारून म्हणाले की आरसा कललेला आहे. आरसा चार स्क्रूंनी भिंतीला बसवलेला, कलणार कुठे? तरी दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा धरला. आरसा सरळ होता. मग साबणाच्या वडीनं काचेवर डोक्याची आणि बटणाची खूण केली. तिसरं बटण. मागे गेले तरी तिसरं बटण. मागची खोली जास्त दिसायला लागली, खुंटीवरची छत्री दिसली, दार दिसलं, पण माणूस तेवढाच. तासभर चाललं होतं. मग चपलांच्या स्टुलावर बसले.

मला विचारलं की तुला या आरशात पाय कधी दिसले होते का? मी म्हटलं नाही. म्हणाले कमरेपर्यंत? मी म्हटलं हा आरसा तुमच्या उंचीनं लावलाय, मला गळ्याच्या खालचं काही दिसत नाही. म्हणाले मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

ठिणगे, मला तेव्हा असा राग आला की हातातलं भांडं मी खाली ठेवलं, नाहीतर फेकलं असतं. मी बोलले होते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बोलले होते. हे म्हणाले की तू नीट मागे सरत नाहीस. मी भिंतीपर्यंत सरले. दिसलं नाही. हे म्हणाले नीट बघ. आता विज्ञान शिकवणारा माणूस सांगतो दिसतं, मी सातवी शिकलेली, मला वाटलं माझीच नजर अधू आहे. चारचौघांत हसं नको म्हणून एक दिवस म्हणून टाकलं की हो, दिसतंय. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं मी हो दिसतंय म्हणते आहे. तू चालायला लागल्यापासून बाहेर निघताना तुला विचारायची ना, साडीचा खालचा काठ सारखा आहे का बघ? तुला वाटायचं खेळ आहे. तू माझा आरसा होतीस.

हे सगळं मी ह्यांना उभ्या उभ्या सांगितलं. एवढं मी ह्यांच्यासमोर जन्मात बोलले नव्हते. ती तीन पानं अजून टेबलावर आहेत.

आता तुझ्याबद्दल. तुझी सगळी पत्रं मी वाचली, हे टेबलावर ठेवतात. तुझाही मला राग आला आहे. तू लिहिलंस की पाच मुलांना रिकाम्या खिळ्यावर रुमाल दिसला आणि त्यावरून तू ठरवलंस की त्यांचं डोळ्यांबद्दल चुकतं. मला नाही तसं वाटत. तू बाई. तू आधीच सांगितलंस की रुमाल आहे. मग काळोखात एकेकाला नावानं विचारलंस की दिसला का. पोरं काय म्हणणार? मी एवढी मोठी बाई उजेडात उभी राहून हो म्हणत होते. तू लालपेन वापरत नाहीस, पण घरातली सवय तुझ्यातही आली आहे. विचारायची पद्धत बघ एकदा स्वतःची.

गुडघा बरा आहे. जेवण वेळेवर घे. माया आहे म्हणून रागावले, उगाच कोण रागावतं.

तुझी,
आई

१ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अ. उ. आ. वि. वि.

अट पूर्ण केली आहे म्हणून लिहितो. तिसरं. भिंतीपाशीही तिसरंच.

तुझा राग अजून असेल तर असू दे, माझाही आहे, फक्त आता तो कोणावर काढावा हे समजत नाही. चौतीस वर्षांत प्रकाशाचा धडा मी किती वर्गांना शिकवला ते आठवून बघितलं. आरशाचे नियम मला तोंडपाठ आहेत, आजही झोपेतून उठवलंस तरी म्हणेन. आकृतीही काढून दाखवीन. त्याच नियमाचं कागदावर गणित केलं तर दहा ओळींत उत्तर निघतं की अंतराचा काही संबंध नाही. ते गणित मी काल प्रथम केलं. इतकी वर्षं नियम वहीत होता आणि मी आरशासमोर दुसराच कोणीतरी होतो. तुझी ती अडतीस मुलं आणि मी, एकाच बाकावरचे.

ती तीन पानं फाडली नाहीत. समितीच्या सभेला बरोबर नेली, आणि पॅसेजमधला आरसाही काढून नेला. शिपायाला वर्गाच्या भिंतीशी आरसा सरळ धरायला सांगितलं आणि सातही सभासदांना म्हटलं की आधी उत्तर शाईनं लिहा, मग उभे राहा. अध्यक्ष चिडले, म्हणाले सर, ही सभा आहे, सर्कस नाही. मी म्हटलं सहीच्या आधी पाच मिनिटं द्या. सातपैकी सहा जणांनी माझ्यासारखंच लिहिलं. बरोबर लिहिलं ते फक्त शिंपीकाकांनी, पालकांच्या वतीनं असतात ते. म्हणाले की गिऱ्हाईक माझ्या छोट्या आरशापुढे मागे मागे सरतं, दाराबाहेर जातं, तरी त्याला पायजम्याची लांबी दिसत नाही, म्हणून मी दुकानात जमिनीपर्यंत आरसा लावला. तुझा हेडमास्तर चार वेळा मागे-पुढे झाला. मग खुर्चीत पूर्ण मागे टेकून बसला, तसा बसलेला मी त्याला पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर मी माझी तीन पानं वाचून दाखवली आणि म्हटलं की ही ज्यानं लिहिली त्याचं उत्तर चुकलेलं होतं, मत मागे घेतो. मुलांच्या वह्यांमध्ये चुका दिसतात कारण या बाईंनी त्या लपवू दिल्या नाहीत, एवढं नव्यानं लिहून घ्या.

फार हुरळून जाऊ नकोस. कायम करण्याचा निर्णय त्यांनी परीक्षा होईपर्यंत पुढे ढकलला. वर्ग तुला परत मिळेल. ड्रायव्हरची तू लेखी माफी मागायची, फसवल्याबद्दल, आणि ‘असेल’ न लिहिता. अंधारी खोली पुन्हा करायची तर दाराशी पालक हवा. सभेत मी तुझ्यासाठी भांडलो, तरी रुमालाच्या लबाडीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

पॅसेजमध्ये आता नवा आरसा आहे. काचवाल्याशी भांडण झालं. तो म्हणत होता पाच फुटी बाईला पाच फुटी आरसा लागतो. मी म्हटलं अडीच पुरतो, फक्त योग्य उंचीवर लाव. त्यानं मला वेड्यात काढलं. लावून झाल्यावर तुझी आई समोर उभी राहिली आणि पायांच्या बोटांपर्यंत दिसली. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली की डाव्या बाजूचा काठ लोंबतोय, कधीपासून? मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

अजून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तू मध्ये पडू नकोस.

लोभ वाढवावा असं म्हणायचा हक्क आत्ता नाही. आहे तेवढा टिकवावा.

तुझे,
बाबा

१९ सप्टेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आहे. बाबांना वाचायला हरकत नाही, टेबलावर ठेव.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यावर आठवडाभर चिडलेले होते. बाबांचा राग झेलायची मला सवय आहे, तुझा झेलता येईना. मनात म्हणत होते की आईला वर्गातलं काय कळतं! मग वर्ग परत मिळाला, आणि पहिल्याच तासाला मी मुलांना विचारलं की समजलं का. एक्केचाळीस जण एका सुरात हो म्हणाले. तेव्हा तुझं पत्र आठवलं.

माफीचं पत्र घेऊन मी भिंगरीच्या घरी स्वतः गेले. तिच्या वडिलांनी ते उभ्यानंच वाचलं आणि म्हणाले की परत खोली करणार असाल तर दाराशी मी उभा राहीन, मला बघायचंय तुम्ही काय करता. मी म्हटलं या. काल ते ड्यूटीच्या आधी आले, खाकी कपड्यांतच.

या वेळी रुमाल खरोखर खिळ्याला लावला. मुलांना आधी दाखवला. मी आत गेले नाही. कोणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि सांगितलं की बाहेर आल्यावर काय झालं ते लिहा, नाव घालू नका, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाका. ड्रायव्हरसाहेब दाराशी असे उभे होते की मला वळून बघायचीही भीती वाटत होती. शेवटच्या गटाबरोबर तेही आत जाऊन बसले. बाहेर येऊन मला म्हणाले की बाई, दिव्यांशिवाय मीसुद्धा काही नाही. मग चिठ्ठी न लिहिताच बसकडे गेले.

दुपारी ऑफिसात बसून मी चिठ्ठ्या उघडल्या. तेहतीस जणांनी लिहिलंय की काही दिसलं नाही. पाच जणांनी लिहिलंय की अजून थांबलो असतो तर दिसला असता. त्यांच्याशी माझं भांडण अजून बाकी आहे आणि मला ते हवं आहे. दोघांना दिसला. कोणाला ते शोधायचं नाही असं ठरवलंय.

शेवटची चिठ्ठी हिरव्या पेन्सिलीनं लिहिलेली होती. नाव नव्हतं, पण वर्गात हिरवी पेन्सिल एकीकडेच आहे. मी ती चिठ्ठी तशीच्या तशी उतरवते:

‘रुमाल दिसला नाही. मागच्या वेळी पण नव्हता दिसला.’

आई, दुमडलेलं टोकसुद्धा तिनं मला सांगितलं होतं. या दोन महिन्यांत मी सगळ्यांवर रागावले, हेडमास्तरांवर, बाबांवर, तुझ्यावर, आणि त्या पोरीवरही. काल ज्याच्यावर रागवायला हवं होतं ते माणूस सापडलं. मी लाल पेन घेतलं नाही, काही लिहिलं नाही. चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, मला दिसेल अशी.

सुट्टीत येते. काठ मी शिवून देईन, दोन्ही बाजूंनी मोजून.

लोभ असावा. पण मी विचारते आहे म्हणून हो म्हणू नकोस.

तुझी,
ठिणगी